ऑस्ट्रेलियातल्या आमच्या खासदाराने परकीय हस्तक्षेपाविरुद्ध कसं मतदान केलं, हे कुठे कळतं?

हॅन्सार्डमध्ये, म्हणजे संसदेच्या अधिकृत वृत्तांतात. पण आधी एक लक्षात घ्या: प्रत्येक ठरावाला नावानिशी मत नोंदलं जात नाही. बरेचसे आवाजी मतदानाने निघतात. एकाहून अधिक सदस्यांनी ‘डिव्हिजन’, म्हणजे मोजून मतविभाजन, मागितलं, तरच चार मिनिटं घंटा वाजते, दारं बंद होतात. ठरावाच्या बाजूचे सभापतींच्या उजव्या हाताला बसतात, विरोधातले डाव्या, आणि नावं टिपली जातात.

त्यामुळे खासदारांच्या मतांची नोंद ठेवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर ‘नेहमी बाजूने’ असा शेरा दिसला, तर तो किती डिव्हिजनवर बेतलाय ते आधी मोजा. दोन-तीनच असतील तर त्यावरून माणूस जोखू नका.

मुख्य कायदे 2018 चे: एक हेरगिरी आणि परकीय हस्तक्षेपाचा, दुसरा परकीयांसाठी काम करणाऱ्यांनी नोंदणी करण्याचा. तेव्हाची सत्ताधारी आघाडी आणि तेव्हा विरोधात असलेला लेबर पक्ष दोघांनी पाठिंबा दिला, ग्रीन्स या पर्यावरणवादी पक्षाने विरोध केला. ग्रीन्सचा आक्षेप पत्रकार आणि आंदोलकांवर गदा येईल हा होता. विरोधी मत म्हणजे परदेशाची तळी उचलणं, असा अर्थ कृपा करून काढू नका. तिथे खासदार सहसा पक्षाच्या ओळीतच मत देतात, म्हणून मला तर मतापेक्षा त्याचं भाषण जास्त मोलाचं वाटतं. तेही हॅन्सार्डमध्येच सापडेल.