एमजीबीचा गंज: रंगाचं नंतर, आधी सिल बघा

जुनी एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतलीत आणि गंज काढून ती नीट करायला सुरुवात कुठून करू, असं विचारलंत. गाडी छान निवडलीत! फक्त एक लक्षात घ्या, एमजीबीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही; बॉडीच सगळा भार पेलते. त्यात तुमची उघडी रोडस्टर, छताचा आधारही नाही. दाराखालचे सिल (दोन्ही बाजूंच्या लांब, पोकळ पत्र्याच्या पट्ट्या) म्हणजे तिचा कणाच.

- सिल, फ्लोअर आणि जॅक लावायच्या जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं, तर तो पत्रा कापायचाच.
- कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करा, नाहीतर बॉडी वाकते आणि दार पुन्हा नीट बसत नाही. एका वेळी एकच बाजू!
- वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी काढा.

नवखे लोक हमखास गंजावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारतात. आत पत्रा सडतच राहतो. सगळी गाडी एकदम खोलूही नका. अडलात तर फोटो टाका, नक्की मदत करेन.