अमेरिकेच्या २५ सेंटच्या नाण्यावर चिनी दिसणारी एक बाई आहे, ती कोण?

तुमच्या हाती लागलेली ही अमेरिकेची पावली २०२२ साली निघाली. हातावर हनुवटी टेकवून बसलेली ती बाई म्हणजे नटी ॲना मे वाँग. तिकडच्या नाण्यावर आलेली ती आशियाई वंशाची पहिली अमेरिकन. हो, अमेरिकनच. तिचा जन्म १९०५ साली लॉस एंजेलिसमध्ये झाला आणि तिचे आईवडीलही अमेरिकेतच जन्मलेले.

घरची लाँड्री होती. शाळा बुडवून रस्त्यावरची शूटिंगं बघत उभी राहणारी ही पोर १७व्या वर्षी ‘द टोल ऑफ द सी’ (१९२२) या अगदी सुरुवातीच्या रंगीत चित्रपटाची नायिका झाली. शेवटी समुद्रात जीव देणारी नायिका! पुढेही तिला बहुतेक तेच मिळत गेलं: दासी, कपटी बाई, नाहीतर शेवटच्या रिळात मरणारी.

वैतागून १९२८ साली ती युरोपला गेली. तिथला ‘पिकॅडिली’ (१९२९) मी दोनदा पाहिलाय. नाइटक्लबात भांडी घासणारी पोर मोरीतल्या टेबलावर चढून नाचते आणि मालक दारात थबकतो. मूकपट आहे, पण आवाजाची आठवणही होत नाही. (मरते मात्र इथेही.)

हॉलीवूडला परतल्यावर मार्लीन डीट्रिचसोबत ‘शांघाय एक्स्प्रेस’ (१९३२) केला. त्यात डीट्रिचवरून नजर हटवायची म्हणजे कठीण काम, ते ही बाई नुसती गप्प बसून करते.

मग आला ‘द गुड अर्थ’. गोष्ट चिनी शेतकऱ्याची, त्याच्या बायकोची भूमिका हिला हवी होती. पण शेतकरी झाला गोरा पॉल मुनी, आणि पडद्यावर गोऱ्या नटाची बायको चिनी वंशाची नटी, हे तेव्हाच्या हॉलीवूडच्या नियमांत बसणारं नव्हतं. मेकअप करून लुइझे राइनर चिनी झाली आणि ऑस्करही घेऊन गेली. वाँगला विचारलं ते नवऱ्याला नादी लावणाऱ्या दुसऱ्या बाईसाठी. तिने साफ नकार दिला, आणि १९३६ साली पहिल्यांदाच चीन बघायला निघून गेली. मला तिचा हा नकार तिच्या कितीतरी भूमिकांपेक्षा मोठा वाटतो.

१९५१ साली ती एका टीव्ही मालिकेची नायिका झाली. कलादालन चालवणारी आणि गुन्ह्यांचा छडा लावणारी. १९६१ साली, ५६व्या वर्षी, हृदयविकाराने गेली. त्या मालिकेचा एकही भाग आज उरलेला नाही, तेव्हा सुरुवात ‘पिकॅडिली’पासूनच करा.