रेंज फुल, नेट चालू, पण फोन लागत नाही: आईच्या फोनसाठी आधी हे तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहिणीने अमेरिकेतला तिचा जुना अँड्रॉइड फोन आईला दिला. आई चिपळूणजवळच्या वाडीत राहते. रेंजच्या कांड्या पूर्ण दिसतात, व्हॉट्सअ‍ॅप चालतं, फोटो जातात, पण नंबर लावला की लगेच कट. येणारे फोन तर वाजतच नाहीत. दुकानदार म्हणतो, नवीन ५जी घेऊन टाका. घ्यावा का?

लगेच घेऊ नका. आणि घ्यायची वेळ आलीच, तर ५जी हा अक्षरांचा शिक्का बघून घेऊ नका.

कार्ड कुठल्या कंपनीचं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण लक्षणांवरून ते जिओचं असावं. २जी आणि ३जीमध्ये बोलण्याची वाट वेगळी आणि नेटची वेगळी होती. ४जी मुळातच फक्त नेटसाठी आहे, त्यावरून बोलायचं तर आवाजसुद्धा डेटा म्हणूनच पाठवावा लागतो. ती सोय म्हणजे व्होल्टी. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालं ते थेट ४जीवर, त्यांच्याकडे २जी-३जी कधीच नव्हतं. त्यामुळे फोनला व्होल्टी जमत नसेल, तर जिओवर बोलायला दुसरी वाटच उरत नाही. नेट चालतं आणि फोन मात्र कट होतो, तो असा.

एअरटेल आणि व्ही (व्होडाफोन-आयडिया) यांचं २जी अजून चालू आहे. तसा फोन त्यांच्या कार्डावर कॉलपुरता २जीवर उतरतो. बोलत असताना नेट बंद पडतं, फोन ठेवला की परत येतं. गैरसोय आहे, पण निदान बोलणं होतं.

मग अमेरिकेतल्या फोनवर नेट तरी कसं चाललं? प्रत्येक कंपनी ठराविक फ्रीक्वेन्सीवर काम करते, आणि त्या पट्ट्यांना बँड म्हणतात. तिकडचं ४जी मुख्यतः बँड २, ४, १२, १३, ६६, ७१ यांवर चालतं, आपल्याकडचं १, ३, ५, ८, २८, ४०, ४१ यांवर. बँड ५, म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ, दोन्हीकडे आहे. जिओचंही ४जी बँड ५, ३ आणि ४० वर आहे. तुमच्या आईचा फोन बहुधा याच ५ ला धरून बसला असणार. बँड जुळला म्हणून नेट मिळालं. व्होल्टीचं तसं नाही. कुठल्या देशात कुठल्या कंपनीवर व्होल्टी चालू करायचं, हे फोन बनवणारा सॉफ्टवेअरमध्येच भरून ठेवतो. अमेरिकेसाठी काढलेल्या मॉडेलमध्ये आपल्या कंपन्यांची ती माहिती बऱ्याचदा नसते.

म्हणून आधी फोन अपडेट करा, कधीकधी ही माहिती अपडेटमधून येते. मग सेटिंग्जमध्ये सिमकार्डाच्या पानावर 'व्होल्टी' किंवा '४जी कॉलिंग' असं बटण दिसतं का बघा. बंद असेल तर चालू करा, काम तिथेच संपेल. बटणच नसेल, तर आईचं कार्ड शेजारच्या कुणाच्या फोनमध्ये घाला आणि शेजारच्यांचं एअरटेल किंवा व्हीचं कार्ड या फोनमध्ये. आईच्या कार्डावरून तिथे फोन लागला आणि या फोनवरून दुसऱ्या कार्डाने लागला, तर दोष कार्डाचाही नाही आणि टॉवरचाही नाही, या फोनला आईच्या कंपनीचं व्होल्टी जमत नाही एवढंच. वाडीत त्या दुसऱ्या कंपनीची रेंज घरात येत असेल, तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं हा बिनखर्चाच्या जवळ जाणारा उपाय आहे. इंग्रजीत PORT लिहून पुढे नंबर टाकून १९०० ला मेसेज करायचा, आलेला कोड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं.

रेंज बघताना अंगणात उभं राहून बघू नका. जांभ्याच्या भिंतीआड, जिथे आई रात्री झोपते तिथे बघा. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी वेग जास्त देतात, पण लांब जात नाहीत आणि भिंतीत अडतात. ७००, ८५०, ९०० च्या लहरी डोंगराआड आणि घरात पुष्कळ बऱ्या पोचतात. कोकणात हा फरक पावलोपावली जाणवतो.

नवीनच घ्यायचा ठरला तर माझा अनुभव ऐका. २०२१ मध्ये मी बाबांना गावासाठी एक ४जी फोन घेतला. ४जी आहे म्हणजे सगळीकडे चालणार, असं दुकानात सांगितलं आणि मीही मानलं. आमच्याकडे बीएसएनएलशिवाय दुसरा टॉवर नाही, तोही पलीकडच्या डोंगरावर. तेव्हा तिथे ४जी नव्हतं. पुढे ते आलं, शेजारच्या पोराच्या फोनवर व्हिडिओ कॉल सुरू झाला, आणि बाबांच्या फोनवर कोपऱ्यात तोच जुना 'ई', म्हणजे २जीचं हळू नेट. बाबांना वाटलं, आपल्याला वापरताच येत नाही. मी गेलो तेव्हा कपाटातून खोकं काढलं आणि मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली: १, ३, ५, ८, ४०, ४१. त्यात २८ नव्हता. बीएसएनएलचं ४जी ७०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड २८ वर आहे, आणि २१०० वर. आमच्या वाडीपर्यंत २१०० पोचत नाही, ७०० पोचतं. आधी आपल्याकडे ७०० वर कुणाचंच ४जी नव्हतं, म्हणून इथे विकल्या जाणाऱ्या कितीतरी स्वस्त फोनमध्ये तो बँड दिलेलाच नसायचा. सहा महिने बाबा स्वतःला दोष देत होते, आणि चूक माझ्या खरेदीची होती. याचं मला आजही वाईट वाटतं.

५जीचंही तेच. आपल्याकडे ते १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. जिओचं ५जी स्वतःच्या पायावर उभं आहे, ३३०० मेगाहर्ट्झचा एन ७८ आणि ७०० चा एन २८ या बँडवर (५जीच्या बँडच्या आकड्याआधी एन लावतात). एअरटेलने मात्र सुरुवात ४जीचा आधार घेऊन केली. २०२०-२१ मध्ये इथे विकलेल्या काही ५जी फोनमध्ये एकटा एन ७८ होता, लांब पोचणारा एन २८ नव्हता. असा जुना फोन कुणी स्वस्तात देत असेल तर गावासाठी घेऊ नका. वाडीत ५जी आलेलंच नसेल, तर सेटिंगमध्ये फोन ४जीवर ठेवा. ५जी शोधत राहिला की बॅटरी उगाच संपते.

बहिणीलाही एक सांगून ठेवा. अमेरिकेत घेतलेल्या आयफोनला १४ पासून सिमकार्डाची खाचच नाही, फक्त ई-सिम. कंपनीच्या हप्त्यावर घेतलेला फोन लॉक असतो, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं कार्ड घेत नाही, तो तिथेच सोडवून आणायला हवा. आई कधी इथे घेतलेला फोन घेऊन तिच्याकडे राहायला गेली तर उलटी अडचण येऊ शकते: तिकडचं ३जी २०२२ मध्ये बंद झालं, आणि एटी अँड टीसारखी कंपनी मान्य केलेल्या मॉडेलांनाच नेटवर्क देते.

आता *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, येतो का बघा, तो नंबर इथे टाकू नका, पण सेटिंग्जमधलं मॉडेलचं नाव लिहा. सोबत कार्डाची कंपनी आणि घरात कुठल्या कंपनीच्या किती कांड्या येतात तेही. आईसाठी फोन वाजणं पहिलं, वेग नंतर. तेवढं कळलं की हाच फोन ठेवायचा की बदलायचा ते मी नेमकं सांगतो.