ठळक म्हणजे जाड नव्हे, आणि खिळा म्हणजे टंक नव्हे

निपाणीच्या एका वाचकांनी विचारले आहे: दुकानाच्या बोर्डासाठी बोर्डवाल्याने ‘बालू’ नावाचे गुबगुबीत, गोल टोकांचे अक्षर सुचवले आणि त्याला ‘ठळक टंक’ म्हटले. हे बरोबर आहे का?

दोन्ही शब्द चूक. ‘ठळक’चा अर्थ ‘जाड’ असा करायची खोड आता सगळीकडे ऐकू येते. आकाशवाणीवरच्या ठळक बातम्यांना कसली जाडी? आजूबाजूच्यांतून उठून दिसते ते ठळक. पानभर जाड मजकुरात एकच ओळ बारीक असेल तर ठळक तीच. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरे घडवणाऱ्या संस्थेने बालू केला तेव्हा तो एकाच जाडीत होता, पाच जाड्या पुढे ‘बालू २’मध्ये आल्या. बारीक जोडीदारच नसलेले अक्षर ठळक कुणाहून? सरळ जाड म्हणा.

आता ‘टंक’. संस्कृतात टंक म्हणजे पाथरवटाची छिन्नी, आणि शिक्का मारलेले नाणेही, टांकसाळ त्यातलीच. परिभाषा ठरवणाऱ्यांनी हा शब्द टाइपाला, म्हणजे छापायच्या अक्षराला, चिकटवला, पण छापखान्यात डोकावून पाहिले नाही. तिथे पोलादी ठशावर अक्षर कोरत, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करत आणि साच्यात शिसे, अँटिमनी, कथील यांचा रस ओतत. टंक म्हणायचेच असेल तर त्या पोलादी ठशाला म्हणा. साच्यातून निघतो तो खिळा. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी पाडले ते खिळेच.

खिळा ‘कील’पासून आला, त्यात विशेष काही नाही. विशेष आहे ते कन्नडमध्ये. कन्नड छापखान्यात टाइपाला ‘अच्चुमोळे’ म्हणतात: अच्चु म्हणजे छाप, मोळे म्हणजे खिळा. आपण खिळे जुळवायचो, ते मोळे जोडायचे! इंग्रजी ‘टाइप’च्या मुळाशी ग्रीकमधला घाव आणि ठसा आहे, खिळा नाही. म्हणजे ही कल्पना इंग्रजीतून उचललेली नव्हे. दोन्ही लिप्या जुळवणाऱ्या कंपोझिटरांच्या तोंडून ती एका भाषेतून दुसरीत गेली असावी, असे माझे मत आहे, आणि असे छापखाने आपल्या सीमाभागात नसतील तर कुठे असतील?

शिवाय मोळे आपल्याला परका नाही. आपल्याकडचा सुतार मोठ्या खिळ्याला मोळाच म्हणतो. कन्नडमध्ये त्याच मोळेचा दुसरा अर्थ कोंब. मोड म्हणजे ‘मोळके’. मला वाटते, कोंब हाच आधीचा अर्थ. मातीतून डोके वर काढतो तो मोळे, फळीतून डोके वर काढतो तोही मोळे. प्रत्येक मराठी शब्दाला संस्कृत आईच हवी असणाऱ्या पंडितांना हे रुचत नाही. त्यांनी बेळगावात राहून कन्नड कोश उघडायचाच नाही असे ठरवले असेल, तर मोळ्याची व्युत्पत्ती त्यांना सापडायची नाही.

बोर्डाचे राहिलेच. बालूच्या कन्नड आवृत्तीचे नाव ‘बालू तम्मा’ आहे. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. बोर्डवाल्याला सांगा: मराठी ओळ बालूत, कन्नड ओळ तम्मात, दोन्ही जाड.