जर्मनीत मन रमत नाही, परत येऊ का?

प्रश्न : सर, मी सांगलीचा. बी.ई. मेकॅनिकल करून ऑक्टोबरमध्ये मास्टर्ससाठी आखेनला आलो. तीन जर्मन मुलांबरोबर फ्लॅट शेअर करतो. कुणी वाईट वागत नाही, पण आपणहून बोलतही नाही. परवा रात्री अकराला कुकर लावला, तर सकाळी फ्रिजवर चिठ्ठी चिकटवलेली. ग्रुप प्रोजेक्टमध्ये एका मुलीने सगळ्यांसमोर सांगितलं, तुझा भाग पुन्हा करावा लागेल. रविवार तर खायला उठतो. बाबांनी कर्ज काढलंय, म्हणून घरी काही बोललो नाही. सेमिस्टर संपल्यावर परत यावं का?

उत्तर : हा निर्णय डिसेंबरमध्ये घेऊ नकोस. तिकडे सध्या साडेचारलाच सूर्य मावळतो, सणासुदीला घरची आठवण येते आणि सगळंच अंगावर येतं.

आधी ती चिठ्ठी. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते, रविवारी तर दिवसभर. हा नियम त्या तिघांनाही आहे. आपल्याकडे शेजारी चार महिने सोसतो आणि मग एकदम भांडतो. तिथे दुसऱ्या दिवशीच लिहून सांगतात आणि त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच मिटतो. तुझ्या मनात मात्र तो अजून चालू आहे. आज संध्याकाळी जाऊन सांग, ‘मला माहीत नव्हतं, किती वाजेपर्यंत कुकर लावला तर चालेल?’ लगेच पुढच्या शनिवारी तिघांना जेवायला बोलाव. आदल्या आठवड्यात विचारायचं हं! ‘चल, चहा घेऊ’ म्हणत दारावर थाप मारलेली तिथे चालत नाही, पण तारीख ठरली की माणसं वेळेवर येतात आणि मनापासून बसतात.

त्या मुलीचं बोलणं कामाबद्दल होतं. तिला थेट विचार, नेमकं काय कमी आहे आणि कधीपर्यंत हवंय. जमणार नसेल तर तेही तेव्हाच सांग. आपण भिडेपोटी ‘हो, करतो’ म्हणून जातो. तिथे ‘हो’ म्हटलं की काम होणार असं धरून चालतात आणि झालं नाही तर विश्वास उडतो.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. आपणहून कुणी विचारत नाही, हे तुला मित्रांच्या बाबतीत जाणवलं. परीक्षेचंही तसंच आहे. तिथे बहुतेक ठिकाणी प्रत्येक विषयाच्या परीक्षेसाठी पोर्टलवर स्वतः नाव नोंदवावं लागतं. मुदत चुकली तर बसता येत नाही, आणि आठवण करून द्यायला कुणी येत नाही. नापास झाल्यावर पुन्हा बसण्याच्या संधी मोजक्याच, बऱ्याच कोर्सना पहिली धरून एकूण तीन. त्या संपल्या की तो कोर्स सहसा जर्मनीत पुढे करता येत नाही. म्हणून आज मुदतीच्या तारखा लिहून काढ. अडलं तर प्रोफेसरांच्या भेटीच्या वेळेत जा, त्यासाठी आधी मेल करून वेळ घे. शंका विचारायला आलेल्या मुलाला तिथे कमी लेखत नाहीत.

रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे खोलीत कोंडल्यासारखं होतं. युनिव्हर्सिटीच्या स्पोर्ट्स कोर्समध्ये नाव घाल. दर आठवड्याला तीच माणसं भेटली की ओळख आपोआप वाढते. मराठी मुलं शोध, जरूर शोध, पण सगळे शनिवार-रविवार त्यांच्यातच घालवलेस तर जर्मन सुधारणार नाही आणि पुढे नोकरी शोधताना ते आड येईल.

एक मात्र लक्षात ठेव. रंगावरून, नावावरून कुणी हिणवलं किंवा घर नाकारलं, तर ‘इथली पद्धत असेल’ म्हणून गिळू नकोस. भेदभावाच्या तक्रारीसाठी युनिव्हर्सिटीत कुणाकडे जायचं ते इंटरनॅशनल ऑफिसमध्ये विचार.

झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर युनिव्हर्सिटीच्या समुपदेशकांची अपॉइंटमेंट घे. तिथलं बोलणं गुप्त राहतं. आणि बाबांना सांग. कर्ज त्यांनी तुझ्यासाठी काढलंय, तुझ्या आवाजातला बदल त्यांना एव्हाना कळलाही असेल. परीक्षांचे निकाल लागल्यावरही परत यावंसं वाटलं, तर मला पुन्हा लिही. मार्कशीट आणि कर्जाचे आकडे समोर ठेवून आपण तिघं मिळून ठरवू.