वाचकांचे प्रश्न : घोडी डबलमध्येच का थांबते?

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची, घोडी १२७ सेंमी उंच. घरच्या मैदानात ६० सेंमीचे अडथळे दोघी न चुकता मारतात. बाहेरच्या स्पर्धेत मात्र डबलचा, म्हणजे लागोपाठ लावलेल्या दोन अडथळ्यांच्या जोडीचा, पहिला अडथळा ओलांडून घोडी दुसऱ्यापुढे पाय रोवते. घोडी चुकार आहे, चाबूक वापरा, असा सल्ला मिळतो. मुलीत गुण आहेत असं सगळे म्हणतात. ८० सेंमीला न्यावं का?
– एक पालक, कराड

उत्तर : चाबूक राहू द्या, आधी टेप काढा. मैदानाचा एक पट्टा पाणी मारून ओला करा आणि घोडी रोजच्या कँटरने (मध्यम दौडीने) त्यावरून सरळ जाऊ द्या. मागच्या डाव्या खुराचा एक ठसा धरा, तो सोडून त्याच पायाच्या पुढच्या चौथ्या ठशापर्यंत अंतर मोजा, चारने भागा. ही तिची एक ढांग. एवढ्याशा घोडीची ती साधारण ३ मीटर भरते. मोठ्या घोड्याची ३.६ धरतात.

आता हिशेब. लहान अडथळ्यावरून ती दीडेक मीटर पुढे उतरते, पुढची उडी उचलायला तेवढीच जागा लागते, मधे एक ढांग. झाले ६ मीटर. घरचं डबल बहुधा एवढंच असेल. मोठ्या घोड्यांसाठी एका ढांगेचं डबल ७.३ ते ७.५ मीटरला लावतात. पोनी म्हणजे नाल नसताना १४८ सेंमीपर्यंत उंचीचा घोडा, त्यामुळे एकाच गटात तुमची घोडी आणि जवळजवळ पूर्ण घोडा शेजारी उभे असतात. अंतर बऱ्याचदा मोठ्याच्या मापाने पडतं. तुमच्या घोडीला मधे दीड ढांग उरते. एक टाकली तर उडी फार लांबून, दोन टाकायला जागा नाही. ती थांबते यात चुकारपणा कमी, शहाणपण जास्त. इथे मार खाल्ला तर ती पहिल्या अडथळ्यालाही थांबायला शिकेल.

आणि डबलमधला नकार, म्हणजे अडथळ्यापुढे थांबणं, महाग पडतो. दांडी पडली तर ४ दोषगुण, पहिल्या नकारालाही ४. पण दुसऱ्यापाशी थांबली तरी पुन्हा पहिल्यापासून दोन्ही मारावे लागतात, घड्याळ चालूच. आंतरराष्ट्रीय नियमांत दुसऱ्या नकाराला स्वार बाद.

घरी ६ मीटरपासून सुरू करा. पहिला अडथळा फुलीचा (दोन दांड्या एकमेकींवर तिरप्या), दुसरा ४० सेंमी उभा. तीन वेळा एकाच लयीत गेली की पुढच्या सरावाला मधलं अंतर १५ सेंमी वाढवा, ६.६ मीटरवर थांबा. घाईने अडथळ्यावर धावून गेली तर लांबवू नका, मागच्या मापावर या. आठवड्यातून दोनच दिवस उड्या, एका दिवशी पंधरावीस पुरे.

मुलीचे हातही पाहा. पहिल्या उडीनंतर लगाम ताणला गेला की ढांग आखडते. तिला उडीत मानेच्या मध्यावर आयाळ धरू द्या. स्पर्धेआधी अडथळ्यांमधली अंतरं पायी चालून मोजताना तिने मोठ्यांच्या पावलांवर विसंबू नये. तिचं पाऊल ७५ सेंमीचं बसवून घ्या : दोन उतरण्याची, चार ढांगेची, दोन उडीची, आठ पावलांत ६ मीटर. दहा पावलं भरली की आयोजकांना पोनींसाठी अंतर कमी करायला सांगा, लाजू नका.

८० सेंमीचं नंतर बघू. एकदा मारलेल्या ८० पेक्षा सलग दहा वेळा एकाच लयीत मारलेले ६० मुलीचे गुण जास्त सांगतात.

प्रश्न : ऊस तोडणीच्या दिवसांत तट्टाला वाढं (उसाचे शेंडे) भरपूर मिळतं. तेच आणि गव्हाचा कोंडा चालेल?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : मुख्य चारा म्हणून नको. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, कोंड्यात फॉस्फरस जास्त. दोन्ही मिळून हाडं पोकळ करतात. आधी अधूनमधून लंगडणं, पुढे नाकाच्या बाजूची हाडं सुजणं. पोट वाळक्या गवतावर किंवा कडब्यावर भरा, जोडीला थोडा लसूणघास. लंगडू लागलं असेल तर उड्या बंद, पशुवैद्यकाला दाखवा.

प्रश्न : पाचगणीच्या टेबललँडवर उड्यांचा सराव करावा का? जागा ऐसपैस आहे.
– एक वाचक, वाई

उत्तर : नाही. खाली जांभा आहे, उतरतानाचा दणका सगळा पुढच्या पायांना बसतो. तिथे फक्त चालवा. उड्यांसाठी दाबलेल्या मुरमावर सातआठ सेंमी वाळू हवी. जास्त खोल टाकलीत तर पायांच्या कंडरा ताणतात.