दत्तजयंतीला अजून दोन महिने आहेत

पोरी, अनेक आशीर्वाद.

दसऱ्याच्या पूजेचा फोटो मिळाला. वछेरी, म्हणजे तुझ्या घोडीचं पिल्लू, देखणी आहे. कानांची टोकं एकमेकांना टेकतात, मारवाडी जातीच्या घोड्याला आणखी काय हवं? पण दोराचा वेढा पंजाला मारून उभी आहेस, ते आजपासून बंद. ती बुजून उधळली तर बोटं जातील. जास्तीचा दोर घडी करून मुठीत धरावा.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या घोड्यांच्या यात्रेत, स्पर्धेच्या अदंत (दुधाचे दात असलेल्यांच्या) गटात उतरवायची म्हणतेस आणि पहिला प्रश्न खुराकाचा विचारतेस. मीही तेच केलं होतं. दीड वर्षाच्या वछेऱ्याला हरभरा आणि तूप चारून चारून गोल केला. अंग चकाकलं, पण पुढच्या गुडघ्यांच्या वर सूज आली आणि मैदानात तो आखडून चालला. चूक सर्वस्वी माझी. या वयात हाडं अजून वाढत असतात. चंदी, म्हणजे दाणा, मापात दे, चांगलं वाळलं गवत भरपूर. चमक रोजच्या खराऱ्यानं येते. आणि दोरावर गोल गोल पळवू नकोस, कोवळ्या सांध्यांवर ताण येतो.

खरं काम उभं राहण्याचं. पंच डाव्या बाजूनं बघतात, चारही पाय वेगवेगळे दिसायला हवेत. ती तशी उभी राहिली की दोर सैल सोड, दहा आकडे मोज आणि हलायच्या आत तूच तिला पुढे ने. आज दहा, आठवड्यानं वीस. रोज पंधरा मिनिटं पुरे. कंटाळलेली वछेरी कान पाडते, आणि मग त्या कानांचा काय उपयोग? खिशातला चण्याचा दाणा कान टवकारण्यापुरता दाखव, दर वेळी खायला दिलास तर चावरी होईल.

अदंत म्हणजे दुधाचे दात अजून न पडलेलं जनावर. पहिले दात अडीच वर्षांच्या सुमारास पडतात, म्हणून खात्रीसाठी जबडा उघडून पाहतात. तिथं पहिल्यांदा परक्याचा हात तोंडाला लागला तर ती मागच्या पायांवर उभी राहील. शेजारपाजारच्यांना ओठ उचलून बघायला सांग. खूरही रोज उचल.

दुडकी बांधाच्या कडेनं शिकव, म्हणजे सरळ धावेल. तू तिच्या खांद्याशी राहा. पुढे राहून ओढलंस तर मान वाकडी होते आणि चाल बिघडते. वळवताना स्वतःकडे ओढू नकोस, उजवीकडे ढकल, नाहीतर पाय तुझ्या पायावर पडेल. (माझ्या अंगठ्याचं नख साक्षीला आहे.)

यात्रेत भोंगे, ढोल, पाळणे सगळं असतं. गावात लग्नाची वरात निघाली की लांबून दाखव, मग थोडी जवळ ने.

धनुर्वाताची लस आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी डॉक्टरांना आत्ताच विचार, अहवाल यायला वेळ लागतो. घरचं पाणी दोन कॅन भरून आण. परक्या पाण्याला तोंड न लावणारी जनावरं पोटशुळानं लोळलेली मी पाहिली आहेत. दोन दिवस आधी पोहोच. तापीच्या काठाला आमचा तंबू असतोच, शेजारी खुंटा ठोकून ठेवतो.

तुझा काका